शेवरलेची १९३७ ची फिल्म पिशोरच्या गॅरेजात, आणि आपली रिळं भंगारात

पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा. ज्यांच्या घरात कुणी एस.टी. वर्कशॉपमध्ये, आयटीआयमध्ये किंवा गाड्यांच्या कंपनीत नोकरीला होतं, त्यांनी शेवटपर्यंत वाचा, कारण काम तुमच्याकडेच आहे.

मागच्या महिन्यात ट्रॅक्टरच्या कामासाठी आपल्या पिशोरमध्ये एका गॅरेजवर बसलो होतो. मिस्त्री गाडीखाली. त्यांच्या हाताखालचं पोरगं, असेल सतरा-अठराचं, टायरवर बसून मोबाईल बघत होतं. मला वाटलं रील्स चाललेत. डोकावलं तर काळा-पांढरा सिनेमा! मोटारसायकलवाले एका ओळीत, खांद्याला खांदा लावून, गोल वळण घेतायत. म्हटलं, "काय रे हे? जुना पिक्चर?" तर म्हणालं, "नाही मामा, डिफरन्शियल आहे. उस्तादनी सांगितलं बघायला."

मी पण बघितली मग. आणि खरं सांगतो, आयुष्यभर गाडी चालवून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते दहा मिनिटांत शिरलं. वळणावर ओळीतला आतला मोटारसायकलवाला हळू जातो, बाहेरच्याला तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून त्याला पळावं लागतं. मग मोटारसायकली जातात आणि दोन चाकं येतात. दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की बांधली तर वळताना एक चाक घासत जाणार. म्हणून दांडा मधून तोडला. पण तोडल्यावर इंजिनाची ताकद दोन्हीकडे कशी पोचवायची? तिथे एक साधी आडवी पट्टी लावून दाखवली. मग त्या पट्ट्या वाढवत वाढवत त्यांचे दाते झाले, दात्यांचे गिअर झाले, आणि शेवटी तुमच्या-आमच्या गाडीच्या मागच्या धुऱ्यात बसलेलं खरं डिफरन्शियल समोर आलं. सूत्र नाही, आकडेमोड नाही. निवेदन इंग्रजीत, पोराला त्यातलं फारसं कळत नव्हतं आणि त्याचं काही अडतही नव्हतं.

ही फिल्म १९३७ ची. नाव 'अराउंड द कॉर्नर'. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये जॅम हँडी नावाच्या माणसाची फिल्म कंपनी होती, तिने शेवरलेसाठी बनवली. हा जॅम हँडी मोठा अवलिया. १९०४ च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्यात कांस्यपदक, आणि वीस वर्षांनी १९२४ ला वॉटर पोलोत परत कांस्यपदक. धंदा मात्र शिकवण्याच्या फिल्मांचा. १९३५ ला पेट्रोलचा थेंब टाकीतून इंजिनापर्यंत कसा जातो त्याची फिल्म, १९३६ ला गिअरबॉक्सची आणि हायड्रॉलिक ब्रेकची. आज या सगळ्या फुकट बघायला मिळतात.

त्याच कंपनीची १९३६ ची 'मास्टर हँड्स' म्हणून फिल्म आहे. मिशिगनमधल्या फ्लिंट गावच्या शेवरले कारखान्यातल्या कामगारांचे हात, त्यांचं कसब, एकदम वीररसात. आणि १९३६ च्या डिसेंबर अखेरीस त्याच फ्लिंटमध्ये जनरल मोटर्सच्या कामगारांनी मशीनजवळ ठाण मांडून संप सुरू केला, तो फेब्रुवारीपर्यंत चालला. फिल्ममध्ये याचा मागमूस नाही. कंपनीने पैसे दिलेली फिल्म कंपनीचंच गाणं गाणार, हे लक्षात ठेवूनच या फिल्मा बघायच्या. पण दाते कसे फिरतात ते तरी खोटं सांगता येत नाही.

आता मुद्द्याचं. ही फिल्म वाचली कशी?

कंपनीने वाचवली नाही. सरकारनेही नाही, निदान आधी तरी नाही. अमेरिकेत व्हिडिओ कॅसेट आली तेव्हा शाळांनी, कारखान्यांनी, फिल्म कंपन्यांनी जुनी १६ मिलिमीटरची रिळं ट्रकने फेकून द्यायला सुरुवात केली. रिक प्रेलिंगर नावाच्या माणसाने १९८२ पासून ती गोळा करायला घेतली. जाहिरातीच्या फिल्मा, कामगारांना शिकवायच्या फिल्मा, शाळेत दात कसे घासावेत असल्या फिल्मा. लोक हसले असणार. वीस वर्षांत साठ हजारांच्या आसपास फिल्मा झाल्या, आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयाने तो संग्रह घेतला. त्याच्या थोडं आधीपासूनच त्यातल्या निवडक फिल्मा इंटरनेट आर्काइव्हवर सगळ्यांसाठी खुल्या झाल्या होत्या. तिथून त्या यूट्यूबवर, आणि यूट्यूबवरून अंजना नदीच्या काठी आपल्या गॅरेजात.

कुणी म्हणेल, शेवरलेचा आणि आपला काय संबंध? आहे ना. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना काढला आणि शेवरलेच्या गाड्या, ट्रक, बस तिथे जोडायला लागली. १९५४ पर्यंत तो चालला. १ जून १९४८ ला पुणे-नगर अशी पहिली एस.टी. धावली, तेव्हाच्या एस.टी.च्या ताफ्यात कोणकोणत्या गाड्या होत्या बघा: शेवरले, फोर्ड, बेडफोर्ड, सेडॉन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट. दहा कंपन्या! दहा तऱ्हेचे ब्रेक, दहा तऱ्हेचे क्लच, नटबोल्टांची मापंसुद्धा वेगळी. डेपोतल्या मिस्त्रींनी हे कसं निभावलं असेल याचा विचार करून बघा.

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ साली रस्ते वाहतूक खातं काढलं, २७ बस आणि १६६ माणसं घेऊन. मराठवाडा १९५६ च्या १ नोव्हेंबरला मुंबई राज्यात आला, आणि महाराष्ट्र झाल्यावर इथली वाहतूक एस.टी.त मिसळली. चिकलठाण्याला एस.टी.चं मध्यवर्ती वर्कशॉप आहेच, दापोडी आणि नागपूरच्या हिंगण्यासारखं. पुढे १९८५ ला वाळूजला बजाज आली आणि आपल्याकडची किती पोरं तिथे लागली ते मी सांगायला नको. म्हणजे गाडी दुरुस्तीची आणि गाडी बनवण्याची विद्या या जिल्ह्यात तीन-चार पिढ्यांची आहे. पण ती शिकवली कशी गेली? उस्तादच्या हाताखाली. "चहा आण", "सतराचा पाना दे", "देख के सीख". दोन वर्षं पाने धुवायचे, मग एखादा बोल्ट खोलायला मिळायचा. उस्ताद गेला की त्याच्याबरोबर अर्धी विद्या गेली.

कुर्ल्याची प्रीमियरसुद्धा बघा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ ला कंपनी काढली, अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून डॉज, प्लिमथ आणि फार्गो ट्रक इथे जोडले. फार्गो म्हटलं की आमच्या वडिलांच्या पिढीचे डोळे चमकायचे. या क्रायस्लरने १९४७ पासून आपल्या मेकॅनिकांसाठी दर महिन्याला एक धडा काढायला सुरुवात केली. फिल्म नव्हे, फिल्मस्ट्रिप. एकामागे एक स्थिर चित्रं असलेली पट्टी, आणि सोबत आवाजाची तबकडी. तबकडीत 'टुंग' वाजलं की पुढचं चित्र सरकवायचं. जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या हौशी लोकांनी तिकडे ते धडे शोधून काढले, पट्टी स्कॅन केली, तबकडीचा आवाज उतरवला, दोन्ही जुळवून ऑनलाइन टाकले. सरकारी योजना नाही, अनुदान नाही. पेन्शनीत निघालेल्या मेकॅनिकांच्या गॅरेजातली खोकी उघडली, एवढंच.

इकडे मात्र काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. संस्थेचं नाव घेत नाही, शिकवणारी संस्था होती, एवढं पुरे. कपाटं रिकामी करायचा हुकूम आला. आवारात भंगारवाल्याचा टेम्पो लागला. १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर पितळ-ॲल्युमिनियमच्या भावाने गेला. रिळांचे गोल डबे पत्र्याच्या भावाने. भंगारवाल्याला डबेच हवे होते, म्हणून शिपायाने आतली फिल्म काढून ढीग केला. शेजारच्या पोरांनी त्याच्या माळा केल्या, उरलेलं पेटवून दिलं. मी कामानिमित्त तिथे गेलो होतो. एक डबा उचलला. का उचलला ते आजही नीट सांगता येत नाही. झाकणावर कागद चिकटवलेला, त्यावर शाईने लिहिलेलं: 'ब्रेक, भाग २'.

तो डबा आमच्या माळवदाच्या खोलीत पडून राहिला. दोन वर्षांपूर्वी उघडला तर डोळ्यांत पाणी येईल असा व्हिनेगरचा वास. लोणच्याची बरणी फुटल्यासारखा. नंतर कळलं, या रोगाचं नावच व्हिनेगर सिंड्रोम. त्या काळची फिल्म ॲसिटेटची, उष्णतेने आणि दमटपणाने ती सडते आणि त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं. त्याची वाफ शेजारच्या रिळांनाही लागते, सडक्या आंब्यासारखं. आपल्याकडचा मे महिना आणि वर तापलेलं छप्पर, मग विचारूच नका.

पुण्याला हे काम करणाऱ्या एका माणसाकडे नेला. त्याने आधी हात जोडले की तुम्ही हे प्रोजेक्टरवर लावून बघितलं नाही. फिल्म आक्रसली होती. प्रोजेक्टरचे दाते कडेच्या भोकांत बसले नसते, फाडत गेले असते. स्कॅनरचं काम वेगळं. त्यात दाते नसतात, फिल्म रबरी चाकांवरून अलगद जाते आणि एकेका चित्राचा फोटो निघतो. ४०० फुटांच्या रिळात अशी १६,००० चित्रं असतात आणि ती सगळी मिळून पडद्यावर फक्त अकरा मिनिटं चालतात. आवाज फिल्मच्या कडेलाच रेषेच्या रूपात छापलेला असतो, तोही वाचून काढता येतो. माझ्या अकरा मिनिटांतली सातच हाती लागली. बाकीची एकमेकांना चिकटून विटेसारखी झाली होती.

ती सात मिनिटं मी गॅरेजवर दाखवली. निवेदन हिंदीत. एक जण वर पॅडलवर, एक गाडीखाली निपलपाशी. दाब, दाब, दाबून धर, मग खालचा निपल उघडतो, बुडबुडे येतात, निपल बंद, मग सोड. ब्रेकची हवा काढण्याची पद्धत. मिस्त्री हसले. म्हणाले, "दादा, बरोबर हेच मला उस्तादनी शिकवलं. पण का करायचं ते या फिल्मनी आज सांगितलं. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून पॅडल खाली बसतं." चाळीस वर्षं ब्रेक दुरुस्त करणारा माणूस हे म्हणतोय. मग स्वतःच पुढे म्हणाले, "आणि आताच्या ट्रकला उलट. एअर ब्रेकमध्ये हवाच नसेल तर खलास. पोरं डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल करतात, कुणी तर इंजिनच बंद करतात. हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो हे त्यांना कुणी दाखवलंच नाही."

इथे मला खरं टोचलं. २०२५ च्या मार्चमध्ये आपल्या पिशोर घाटात उसाचा ट्रक उलटला आणि ऊसतोड मजूर गेले, ते कुणी विसरलेलं नाही. त्या अपघाताच्या कारणात मी जात नाही, ते माझं काम नाही. पण कन्नडचा औट्रम घाट म्हणा, आपला घाट म्हणा, इथे रोज ऊस, मका, कापूस भरून गाड्या उतरतात. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम. ब्रेक सारखा दाबून धरला तर लायनर तापतात आणि धरेनासे होतात. हे दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये डोळ्यांना दाखवता येतं. १९३७ ची शेवरले आपल्या पोराला डिफरन्शियल शिकवते, छान आहे, पण तिला आपला घाट माहीत नाही आणि उसाची ट्रॉली माहीत नाही. ज्यांना माहीत होतं त्यांचे धडे डब्यांसकट गेले.

सरकार काहीच करत नाही असं म्हणणार नाही, ते खोटं होईल. १९४८ ला मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं. पिक्चरच्या आधी त्यांचं समाचार चित्र दाखवायची थिएटरवाल्यांना सक्तीच होती. जत्रेतल्या तंबूत आम्ही लहान असताना तेवढ्या वेळात शेंगा आणायला जायचो, हे आज आठवलं की लाज वाटते. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ चं. २०२२ मध्ये ही दोन्ही खाती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, आणि त्याच वर्षी साधारण २२०० चित्रपट दुरुस्त करून डिजिटल करायला ३६३ कोटींची घोषणा झाली. चांगलं काम आहे. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात नायट्रेट फिल्मांना आग लागून शेकडो जुन्या चित्रपटांची रिळं गेली, त्यानंतर तर हे व्हायलाच हवं होतं.

पण रांगेत पुढे कोण उभं राहणार? सत्यजित राय, राज कपूर, प्रभात. राहू द्या, त्यांचा मान आहे. 'ब्रेक, भाग २' त्या रांगेत शेवटीसुद्धा नाही, कारण तिची कुठे नोंदच नाही. आणि गंमत बघा, आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी भांडवल मिळवायला जी छोटी फिल्म केली ती वाटाण्याचं रोप कसं वाढतं याची. थोडं थोडं चित्रण करत, अंकुरापासून वेलापर्यंत. म्हणजे या देशातल्या सिनेमाची सुरुवातच एका शिकवणाऱ्या फिल्मने झाली म्हणा ना.

हक्काचा प्रश्न येतो. अमेरिकेत जुन्या कायद्यानुसार २८ वर्षांनी हक्काचं नूतनीकरण करावं लागायचं. असल्या फिल्मांचं कुणी केलं नाही, म्हणून त्यातल्या बऱ्याच सगळ्यांच्या झाल्या. आपल्याकडे १९५७ चा कायदा, फिल्म प्रसिद्ध झालेलं वर्ष संपल्यापासून ६० वर्षं. म्हणजे १९६५ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या फिल्मा आता मोकळ्या आहेत. माझ्या रिळाचा सुरुवातीचा नावांचा भाग विटेत गेला, त्यामुळे वर्ष नाही आणि मालक नाही. म्हणून ती मी इथे टाकलेली नाही, कुणी कमेंटमध्ये मागू नका. गॅरेजवर आलात तर चहाबरोबर दाखवतो.

आता तुमचं काम. चिकलठाणा, दापोडी, कुर्ला, पिंपरी, वाळूज, कुठल्याही आयटीआयमध्ये, नाहीतर लष्कराच्या ईएमईमध्ये घरातलं कुणी नोकरीला होतं का? निवृत्तीच्या वेळी माणसं खोकं घरी आणतात. त्यात रिळ असेल, फिल्मस्ट्रिपची छोटी डबी असेल, व्हीएचएस कॅसेट असेल, नुसते काचेच्या स्लाइड असतील. रिळ उलगडून बघू नका, पुसू नका, प्रोजेक्टरवर तर अजिबात लावू नका. व्हिनेगरचा वास येत असेल तर बाकीच्या रिळांपासून वेगळं ठेवा, थंड कोरड्या जागी, हवा खेळती असेल असं. १६ मिलिमीटरची फिल्म भडकणारी नसते, पण ३५ ची आणि १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची असेल तर चुलीपासून, दिव्यापासून लांब ठेवा आणि आधी पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे नेऊन भिंतीवर पाडून मोबाईलने रेकॉर्ड करायची युक्ती करू नका, त्यात आवाज जातो आणि चित्र लुकलुकतं. व्हीएचएसची घाई तर रिळांपेक्षा जास्त. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ लाच उत्पादन बंद केलं, चालू मशीन दिवसेंदिवस कमी होतायत.

आणि फक्त ऑनलाइन टाकलं म्हणजे जपलं असं समजू नका. यूट्यूबवरची प्रत दाबून बारीक केलेली असते. स्कॅनची मूळ मोठी फाइल दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवायची. सोबत कागदावर लिहायचं: गाडी कोणती, कुठे सापडली, कुणी शिकवायला वापरली. नंतर निवेदन मराठीत करता येईल. मिस्त्री स्वतः बोलायला तयार झालेत, फक्त म्हणाले, "मला कागदावरचं वाचायला लावू नका, समोर हब खोलून ठेवा, मग बोलतो."

माझ्याकडे 'ब्रेक, भाग २' आहे. त्याच मापाचा डबा, झाकणावर पांढरा कागद, निळी शाई, 'भाग १' लिहिलेला, कुणाच्या माळ्यावर, सुताराच्या खिळ्यांच्या डब्याच्या रूपात का होईना, दिसला तर कळवा. त्या दिवशी त्या आवारात मी एकटा नव्हतो, आणखी दोन-तीन जणांनी डबे उचलले होते.